निवृत्तीसाठी आयर्लंडचा किनारा : एका सल्लासेवेविषयी

आयर्लंडच्या किनाऱ्यावर निवृत्तीनंतर राहू इच्छिणाऱ्यांना गाव सुचवणाऱ्या एका सल्लागाराची सेवा आम्ही उभयतांनी घेतली. परवान्याचे काम चोख होते. आपल्यासारख्या भारतीय निवृत्तांना मिळणारा 'स्टॅम्प शून्य' हा वास्तव्याचा परवाना दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, त्यासाठी माणशी वर्षाला ५०,००० युरोंचे उत्पन्न, अडीअडचणीसाठी घराच्या किमतीएवढी गंगाजळी आणि खासगी आरोग्यविमा लागतो, शिवाय हा काळ नागरिकत्वासाठी धरला जात नाही, हे सारे त्यांनी शुल्क घेण्यापूर्वीच सांगितले; असा सरळपणा या धंद्यात विरळाच.

गावांच्या निवडीत मात्र अहवाल कमी पडला. त्यांचा कल दक्षिण किनाऱ्यावरच्या किन्सेल या गावाकडे होता. रंगीत घरे, मासळीची उत्तम उपाहारगृहे, सारे खरे. पण तिथे रेल्वे नाही आणि मोटार चालवणे सुटल्यावर काय, याचा विचारच नव्हता. याउलट कोव्ह या बंदराच्या गावाहून लोकल अर्ध्या तासाच्या आत कॉर्क शहराला पोहोचते, आणि मोठे रुग्णालयही त्याच शहरात आहे. कोव्हचे चढ गुडघ्यांची परीक्षा पाहतात हे खरे. सेंट कोलमन कॅथेड्रलखालच्या उतारावर घरे एकमेकांना टेकवलेल्या पत्त्यांसारखी उभी आहेत, त्यामुळे घर स्थानकाजवळच बघावे.

पश्चिम किनाऱ्याच्या वाऱ्याचाही उल्लेख हवा होता. जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात गॉलवे परगण्यातील मेस हेड येथे त्याचा झोत ताशी १८३ किलोमीटर नोंदला गेला. कागदपत्रांपुरती ही सेवा अवश्य घ्यावी. गाव मात्र एक हिवाळा भाड्याने राहून स्वतः ठरवावे.