थीम पार्कमधील नोकरीचा पहिला दिवस: ओरिएंटेशनचे परीक्षण

थीम पार्कमध्ये नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणी राइडच्या पॅनलपाशी उभे करत नाही. तो दिवस ओरिएंटेशनचा असतो. स्वच्छता, तिकीटखिडकी, खाद्यविभाग, राइड, जलविभाग अशा सगळ्या विभागांची नवी मंडळी एकाच सभागृहात बसतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण नेमके कोणते काम करणार आहोत याची अर्धवटच कल्पना असते. एका मोठ्या पार्कमध्ये हंगामी नोकरीवर रुजू होताना मी हा कार्यक्रम पूर्ण केला. पार्कचे नाव येथे देत नाही. मोठ्या पार्कांमधील ओरिएंटेशनचा साचा थोड्याफार फरकाने सारखाच असल्यामुळे त्यावाचून काही अडतही नाही. माझे मत आधीच सांगून टाकते: सुरक्षिततेचा भाग इतका नेटका होता की केवळ त्यासाठी संपूर्ण दिवस बसावे, रोजच्या श्रमांविषयी मात्र जे सांगायला हवे होते ते सफाईने टाळले गेले.

या साच्याला इतिहास आहे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नीलँड उघडले, त्याच्या आधीपासूनच नव्या कर्मचाऱ्यांना शिकवण्याची जबाबदारी व्हॅन फ्रान्स यांच्यावर सोपवली होती. त्यातूनच पुढे डिस्नी युनिव्हर्सिटी हा कंपनीचा प्रशिक्षण विभाग उभा राहिला. ग्राहकाला ‘पाहुणा’ म्हणणे, कर्मचाऱ्याला प्रयोगातील कलावंत मानणे, पाहुण्यांच्या नजरेस पडणारा सगळा भाग रंगमंच समजणे आणि उरलेल्या भागाला पडद्यामागची जागा म्हणणे ही भाषा तेथे रुजली आणि आज जगभरातील पार्कांच्या प्रशिक्षणात तिचे पडसाद ऐकू येतात. डिस्नीच्या प्रशिक्षणात सुरक्षितता, सौजन्य, प्रयोग आणि कार्यक्षमता अशी चार सूत्रे प्रसिद्ध आहेत. अलीकडच्या काळात त्यांत समावेशकतेची भर पडली, पण खरी गंमत मूळ चारांच्या क्रमात आहे. चाकाच्या खुर्चीवरील पाहुण्याला राइडमध्ये बसवायला चार मिनिटे जास्त लागली आणि त्यामुळे रांग लांबली, तरी सौजन्य कार्यक्षमतेच्या आधी येते. आणि पाहुण्याला आसनावर धरून ठेवणारे राइडचे कुलूप नीट लागले आहे की नाही अशी शंका आली, तर मिरवणूक, संगीत, रोषणाई हे सगळे बाजूला ठेवायचे, कारण सुरक्षितता सगळ्यांच्या आधी येते. आमच्या प्रशिक्षकांनी सूत्रे वेगळ्या शब्दांत मांडली, परंतु क्रम हाच होता.

कागदपत्रांच्या भागावर फार लिहिण्यासारखे नाही. ओळखीचा पुरावा, बँक खात्याचा तपशील, कराचा अर्ज, आपत्कालीन संपर्क, धोरणांच्या पुस्तिकेवर सह्या, ओळखपत्रासाठी छायाचित्र यांत सकाळ जाते. कागद घरूनच नीट लावून नेले तर रांगेत दोनदा उभे राहावे लागत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. गणवेश बहुधा त्याच दिवशी मापून मिळतो. बूट मात्र अनेक ठिकाणी स्वतःचे आणावे लागतात, आणि ते काळे, बंद आणि न घसरणाऱ्या तळव्याचे असावेत अशी अट असते. दिसण्याच्या नियमांवर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ खर्च होतो. हे नियम पूर्वीइतके कडक राहिलेले नाहीत, हे खरे: डिस्नीने आपल्या पार्कांतील पुरुष कर्मचाऱ्यांना मिशी ठेवण्याची मुभा २००० साली दिली, दाढीची २०१२ साली, आणि दिसतील असे टॅटू २०२१ साली मान्य केले. तरीही नखांचा रंग, दागिन्यांची लांबी, केसांची छटा यांविषयीचे तक्ते पडद्यावर येतच राहिले. यंत्राजवळ काम करणाऱ्याने लोंबते दागिने का घालू नयेत याचे कारण एका वाक्यात सांगितले असते, तर त्या तक्त्यांतील निम्मे नियम कोणीही आपण होऊन पाळले असते.

त्यानंतर पडद्यामागचा फेरफटका असतो, आणि तो मनापासून आवडला. फ्लोरिडातील मॅजिक किंग्डम १९७१ मध्ये उघडले तेव्हा त्याच्याखाली कर्मचाऱ्यांसाठी बोगद्यांचे जाळे होते. तेथील भूजल फार वर असल्यामुळे हे बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधून त्यांवर भर घालण्यात आली, म्हणजे पाहुणे चालतात ते प्रत्यक्षात वरच्या मजल्यावरून. सगळ्या पार्कांना असा थाट परवडत नाही. आमच्याकडे उंच कुंपण, त्यामागचा सेवारस्ता आणि ठिकठिकाणची साधी दारे होती. त्यातील एका दाराच्या आतल्या बाजूला पूर्ण उंचीचा आरसा आणि त्याशेजारी आजच्या वेळापत्रकाचा फळा होता. बाहेर पडताना गणवेश नीट करायचा आणि मिरवणूक किती वाजता आहे ते वाचूनच पाऊल टाकायचे. हजेरी कोठे लावायची, पाणी कोठे मिळते, विश्रांतीची खोली आपल्या जागेपासून चालत किती लांब आहे, या गोष्टी याच फेरफटक्यात टिपून घ्याव्यात. विश्रांतीच्या मोजक्या मिनिटांतील बरीचशी मिनिटे जाण्या-येण्यातच जातात, हे नकाशावरून कळत नाही.

पाहुण्यांशी वागण्याचे प्रशिक्षण नाट्यरूपाने होते. ‘तीन वाजताची मिरवणूक किती वाजता निघते?’ हा पार्कांच्या प्रशिक्षणातील जुना आणि लाडका प्रश्न आमच्याही वाट्याला आला. सभागृहात हशा पिकला, आणि प्रशिक्षक बाईंनी तो शांतपणे ओसरू दिला. विचारणाऱ्याला मिरवणूक या चौकात कधी पोहोचेल, कोठे उभे राहिले तर मुलांना दिसेल, आधी स्वच्छतागृहात जाऊन येण्याइतका वेळ आहे का, हे जाणून घ्यायचे असते. उत्तर त्या न विचारलेल्या प्रश्नाला द्यायचे. दिशा दाखवताना एक बोट रोखायचे नाही, उघडा तळहात किंवा दोन बोटे वापरायची. जमिनीवर पडलेला कागद कोणत्याही विभागाच्या माणसाने उचलायचा, आणि तो उचलताना तोंड वाकडे करायचे नाही.

हरवलेल्या मुलाचा प्रसंग अधिक काळजीपूर्वक शिकवला जातो. मुलाच्या उंचीवर येऊन बसायचे, त्याला उचलून घ्यायचे नाही, शक्यतो सापडले त्याच जागी थांबायचे आणि दुसऱ्या सहकाऱ्याला जवळ बोलवायचे. मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारायचे नाही, कारण ते नाव ऐकणाऱ्या गर्दीत पालकांखेरीज कोण असेल हे सांगता येत नाही. न्यायला आलेल्या माणसाकडून मुलाचे वर्णन आधी ऐकायचे, मग भेट घडवायची. हे सगळे सामान्य बुद्धीचे वाटते, पण गर्दीच्या दुपारी ऐनवेळी सुचत नाही; पाठ असले तरच हातून घडते.

आता सुरक्षिततेविषयी. राइड विभागातील आम्हा नवागतांसाठी हे सत्र वेगळे घेतले गेले, आणि त्याची सुरुवात उंची मोजण्याच्या पट्टीपासून झाली. कुलपाची आणि आसनाची रचना ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी केलेली असते. रांगेत प्रत्येकाच्या शरीराचे माप घेता येत नाही, म्हणून उंची ही त्यातल्या त्यात सोयीची खूण वापरतात. प्रशिक्षकाने स्वतः चिडलेल्या वडिलांची भूमिका घेतली. ‘अहो, मागच्या राइडवर तर सोडलं होतं याला! एक बोटभर कमी असल्याने काय होतंय?’ समोरच्या मुलाने नियमाचे कलम म्हणून दाखवले, तेव्हा ‘वडील’ आणखी चढले. मग दुसऱ्या एकीने काय करायचे ते करून दाखवले: वाद वडिलांशी घातला नाही, लहानग्याकडे वाकून त्याला बसता येईल अशा राइडचे नाव सांगितले, आणि पट्टीचा निकाल मात्र बदलला नाही. पाच मिनिटांचा हा प्रसंग संपूर्ण दिवसातील सर्वोत्तम शिकवण होती. प्रत्येक मुलाला प्रत्येक वेळी मोजायचे, ओळखीचे असले तरी मोजायचे, आणि शेजारच्या राइडवर कोणी काय केले याचा विचार करायचा नाही.

त्यानंतर लाल बटण. आपत्कालीन थांबा दाबला की सगळे जागच्या जागी थबकते असा समज असतो, आणि तो दूर केला गेला हे चांगले झाले. रोलर कोस्टरचा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा टप्पा मोकळा नसेल तर मागची गाडी ब्रेकवर धरून ठेवली जाते. बटण दाबल्यावर ब्रेक आवळले जातात, चढावरची साखळी थांबते आणि गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेले अडसर तिला धरून ठेवतात. परंतु उतारावर सुटलेली गाडी पुढच्या ब्रेकपर्यंत जातेच. म्हणून बटण दाबण्याची वेळ ओळखावी लागते, आणि शंका असेल तर वाट पाहायची नाही. ‘विनाकारण थांबवली म्हणून येथे कोणाला बोलणी बसत नाहीत,’ असे प्रशिक्षकांनी स्पष्ट शब्दांत, वरिष्ठ अधिकारी बसलेले असताना सांगितले. नवागताला हे वाक्य ऐकवले जाते की नाही, यावरून मी कोणत्याही पार्कच्या ओरिएंटेशनची किंमत ठरवीन. थांबलेली राइड पुन्हा सुरू करण्याचा अधिकार मात्र पॅनलवरच्या माणसाला नसतो. तंत्रज्ञाने तपासून सोडल्यावरच ती हलते.

रुळाखाली पडलेली टोपी हा यापुढचा विषय. पाहुणा विनवणी करतो, कुंपण कमरेइतके असते, आणि गाडी नुकतीच गेलेली असते. तरीही आत कोणी जायचे नाही, कर्मचाऱ्यानेही नाही. आत जाण्यापूर्वी यंत्राची ऊर्जा तोडून तेथे स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, चार माणसे आत जाणार असतील तर चार कुलपे लावायची, अशी पद्धत आहे. यंत्रांवर काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने तिचा नियमच १९८९ साली केला. आम्हाला ते कुलूप हातात घेऊन पाहता आले. लाल रंगाचे, एकाच किल्लीचे, शेजारी नावाची चिठ्ठी. टोपी रात्री मिळते.

जलविभागाकडे जाणाऱ्यांनी याच्यापुढे पोहण्याची आणि बचावाची स्वतंत्र परीक्षा असते हे लक्षात ठेवावे. अनेक जलउद्यानांत जीवरक्षकांना दहा-वीसचा दंडक शिकवला जातो: आपल्या वाट्याचे पाणी १० सेकंदांत नजरेखालून घालायचे आणि संकटातील माणसापर्यंत पुढच्या २० सेकंदांत पोहोचायचे.

एवढे सगळे इतक्या नेमकेपणाने शिकवणाऱ्या मंडळींनी कामाच्या दिवसाविषयी इतके मोघम का बोलावे, हे मला उमगले नाही. संस्थापकांवरची चित्रफीत लांबलचक होती, तिच्यात फटाके होते, आनंदाश्रू होते. उन्हात सलग उभे राहून तेच वाक्य दिवसभर म्हणताना आवाज कसा राखायचा, याविषयी एकही दृश्य नव्हते. शनिवार-रविवार आणि सणासुदीच्या दिवशी सुट्टी मिळणे कठीण, ही गोष्ट वेळापत्रकाच्या पानावर बारीक अक्षरांत होती. उन्हाची चक्कर येऊ लागल्याची लक्षणे एका फलकावर होती, पण जागा सोडण्यापूर्वी बदली माणूस कोणाकडे मागायचा हे कोणी सांगितले नाही. दर तासाला किती पाहुणे राइडवर बसले याची मोजणी होते, हे मात्र आवर्जून सांगितले गेले. ती संख्या कमी पडल्यावर पर्यवेक्षक काय म्हणतात, असे एकाने विचारले, तेव्हा उत्तर ‘तुमच्या विभागात कळेल’ एवढेच आले. लाल बटणाविषयी इतके स्वच्छ बोलणाऱ्या सत्रानंतर हे उत्तर खटकले, कारण बटण दाबायला कचरणारा हात याच संख्येच्या धाकाने कचरतो.

राइड चालवायला शिकायला मिळेल या अपेक्षेने ओरिएंटेशनला जाऊ नये. ते शिक्षण पुढे विभागात, एका अनुभवी सहकाऱ्याच्या सोबतीने, एकेका राइडवर होते, आणि एका राइडची परवानगी दुसरीवर चालत नाही. प्रत्येक राइडची पुस्तिका, तिचे कुलूप, तिचे ब्रेक आणि तिची माणसे उतरवण्याची पद्धत वेगळी असते. त्या शिक्षणाच्या शेवटी यादीतील प्रत्येक ओळीसमोर शिकणाऱ्याची आणि शिकवणाऱ्याची अशा दोन सह्या लागतात. ज्या ओळीतील कृती स्वतःच्या हाताने केलेली नाही, तिच्यासमोर सही करायला सांगितले तर थांबावे आणि ती करून दाखवायला सांगावे. हा सल्ला आम्हाला मंचावरून मिळाला नाही. चहाच्या वेळी मागच्या बाकावर येऊन बसलेल्या, कित्येक हंगाम काढलेल्या एका चालकाने तो आपण होऊन दिला, आणि पुढच्या ओरिएंटेशनमध्ये त्यांनाच अर्धा तास बोलायला द्यावे अशी सूचना मी अभिप्राय-पत्रात लिहून आले.