रिडेव्हलपमेंटच्या वादासाठी कियालो वापरलं, माझा अनुभव

आमची मुलुंडची सोसायटी, २८ घरं. बिल्डरला द्यायची की सेल्फ रिडेव्हलपमेंट करायचं, म्हणजे सोसायटीनेच इमारत नव्याने बांधून घ्यायची, यावरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन महिने जुंपली होती, रात्री दीडशे मेसेज आणि सकाळी कोणीतरी परत तोच प्रश्न विचारणार. शेवटी भाचीने कियालो (Kialo) सुचवलं, मुद्देसूद वाद घालायची वेबसाइट आहे ती.

वर एक विधान लिहायचं, आमचं होतं 'आपण सेल्फ रिडेव्हलपमेंट करावं', त्याखाली एकीकडे हिरव्यात बाजूचे मुद्दे, दुसरीकडे लाल रंगात विरोधातले आणि प्रत्येक मुद्द्याखाली परत तसंच, असं झाड वाढत जातं. एका चौकटीत एकच मुद्दा. पूर्ण चर्चेचं रंगीत चक्रही दिसतं, त्यातल्या तुकड्यावर दाबलं की थेट त्या मुद्द्यावर. फुकट आहे, चर्चा प्रायव्हेट ठेवता येते.

पहिले चार दिवस मीच ग्रुपवरचे मुद्दे उचलून टाकत बसले, हे काम कोणालातरी करावंच लागतं. चाळीसेक मेसेज गाळल्यावर नऊच मुद्दे उरले!

पण खरा फरक पडला तो तळमजल्यावरच्या काकांमुळे. ते ग्रुपवर चारदा विचारत होते की कर्ज मिळालं पण काम मध्येच रखडलं तर आमचं घरभाडं कोण भरणार, आणि सगळे म्हणायचे काका उगाच खोडा घालतात. झाडावर तोच प्रश्न लाल चौकटीत आला आणि त्याच्याखाली काहीच नाही, कोरं. तेव्हा कळलं की काकांना कोणी उत्तरच दिलं नव्हतं. सेक्रेटरींनी दुसऱ्याच दिवशी आर्किटेक्टला फोन लावला. मला फार वाईट वाटलं, आपण त्यांना इतके दिवस किरकिरे समजत होतो.

मुद्द्याला ० ते ४ वजन देता येतं, पण तो काही निर्णय नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ७९(अ) च्या २०१९ च्या निर्देशांप्रमाणे रिडेव्हलपमेंटला संमती ५१ टक्के सभासदांची, तीही सभेतच. आणि कोण कोणाच्या बाजूने आहे एवढंच बघायचं असेल तर पोलिस नावाचं टूल बघा (आपले पोलीस नव्हेत), त्यात उत्तर द्यायची सोयच नाही, फक्त सहमत, असहमत किंवा पुढे, आणि मग सारखी मतं असणाऱ्यांचे गट नकाशावर दिसतात. तैवानमध्ये २०१५ ला उबरच्या वादात तेच वापरलं होतं.

रविवारी आमची सभा आहे. झाडाची प्रिंट नोटीस बोर्डाशेजारी लावलीय, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्यावर पेनाने दोन मुद्दे वाढवलेत, ते आज रात्री चढवते.