कोथरूड ते खराडी, रोज सायकलने: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रोज एवढ्या लांब ऑफिसला जायला सायकल घ्यायची असेल तर माझं मत आधीच सांगून टाकते. सस्पेन्शन (धक्के झेलणारी स्प्रिंग) नसलेली, साधा सरळ फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी दांडा) असलेली हायब्रीड, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल घ्या. टायर ३८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. आणि फ्रेमला मडगार्ड-कॅरिअर बसवायला आटे पाडलेली भोकं आहेत का, हे दुकानात खाली वाकून स्वतः बघा. गिअर किती, वजन किती, रंग कुठला, हे सगळं त्यानंतर. माझ्या सायकलच्या कंपनीचं नाव देत नाही, कारण तीस हजारांच्या आसपास चार-पाच कंपन्यांच्या हायब्रीड जवळपास सारख्याच सामानावर बांधलेल्या असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या किमती धरून बसू नका.

माझा रस्ता असा: पौड रोड, नळ स्टॉप, डेक्कन, जंगली महाराज रोड, संचेती, आरटीओ, बंडगार्डन, येरवडा आणि मग नगर रोड. येताना जंगली महाराजऐवजी फर्ग्युसन रस्ता, कारण दोन्ही एकेरी. साधारण १८ किलोमीटर, तासाभराचं काम. सकाळी नदीकडे उतार असतो, त्यामुळे अंग गरम व्हायच्या आत डेक्कन येतं. कस लागतो तो संध्याकाळी. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पुण्यात संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे घरी येताना नेमका तोंडावर, आणि डेक्कन सोडलं की कोथरूडपर्यंत चढ. अशा वेळी पुढचा फोर्क दर पायडलला खालीवर होत असेल तर तुमचा निम्मा जोर त्या स्प्रिंगमध्येच जिरतोय असं वाटायला लागतं. दुकानदार मला सारखे म्हणत होते, "ताई, खड्डे बघा पुण्यातले, शॉकअपवालीच घ्या." पण या किमतीतला सस्पेन्शन फोर्क एकटाच दोन किलोच्या पुढे जातो, आणि पावसाळ्यातला चिखल त्याच्या दांड्यांवर बसला की गंज धरून आखडतो. खड्ड्यांचा गचका खरा झेलतो तो टायर. माझं वजन ६२ किलो आहे. ३८ च्या टायरमध्ये मी पुढे ४५ आणि मागे ५० पीएसआय हवा ठेवते. टायरवर लिहिलेला जास्तीत जास्त आकडा गाठायची काहीच गरज नाही. तेवढी हवा भरलीत तर हायब्रीडसुद्धा बैलगाडीसारखी हाडं खिळखिळी करते.

गिअरबद्दल लोक फार चर्चा करतात. माझ्या सायकलला पुढे तीन आणि मागे आठ आहेत. रोजच्या वापरात पुढची मधली ३८ दात्यांची चकती सहसा सुटत नाही. मागे १६ दात्यांवर असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटरपेक्षा थोडी जास्त पुढे जाते. मिनिटाला ६५ फेरे मारले की ताशी वीसचा वेग मिळतो, आणि पुण्याच्या रहदारीत त्याहून जास्त वेग टिकतही नाही. पुढे एकच चकती आणि मागे आठ-नऊ असलेली सायकल मिळाली तर खुशाल घ्या. एक डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) कमी म्हणजे पावसाळ्यात साफ करायला एक जागा कमी.

आता पावसाळा. सायकल निवडताना मी सगळ्यात जास्त विचार याचाच केला होता आणि त्याचं सार्थक झालं. मडगार्ड पूर्ण लांबीचेच लावा. सीटखाली अडकवायची छोटी प्लॅस्टिकची पट्टी पाठ वाचवते, पण पुढच्या चाकाचं पाणी बूट, चेन आणि बॉटम ब्रॅकेटवर (पायडलचा आस फिरतो त्या भागावर) उडतच राहतं. डिस्क ब्रेक असेल तर मागचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) कुठे बसवलाय तेही बघून घ्या. तो फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत असेल तर कॅरिअर सरळ बसतो. बाहेरच्या बाजूला असेल तर कॅरिअरची दांडी त्यावर आपटते आणि लांब बोल्ट, स्पेसर वगैरे खटाटोप करावा लागतो. कॅरिअरला मात्र पर्याय नाही. पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन १८ किलोमीटर म्हणजे शर्ट पिळून काढायचा. कॅरिअरच्या बाजूला लटकवायची पॅनिअर बॅग घ्या, पाठ मोकळी राहते.

डिस्क ब्रेक कशाला, असं मलाही घरी विचारलं गेलं. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर, रबर दाबणारे) कोरड्यात उत्तम चालतात, दुरुस्त करायला सोपे असतात. पण रस्त्यावरची वाळू पाण्याबरोबर ब्रेकच्या रबरात रुतते आणि रिमच घासली जाते. झीज फार झाली की रिम बदलावी लागते, म्हणजे चाक पुन्हा बांधणं आलं. डिस्कमध्ये झिजतात त्या पॅडच्या जोड्या. केबलवाला डिस्क ब्रेक पावसाळ्यात ओला असताना किंचाळतो, आणि पॅड झिजतील तसा कॅलिपरवरचा स्क्रू अधूनमधून एक-दोन टिचक्या फिरवावा लागतो. हे हाताने जमतं, दुकानात जावं लागत नाही.

पंक्चरचं म्हणाल तर नगर रोडच्या कडेने चालवणाऱ्याला ते चुकत नाही. खिळ्यांपेक्षा त्रास देते ती मोठ्या गाड्यांच्या फाटक्या टायरमधून सुटलेली केसासारखी बारीक तार. येरवड्याजवळ एकदा सकाळी पंक्चर काढून घेतलं आणि संध्याकाळी त्याच जागी पुन्हा हवा गेली. दुसऱ्या वेळी ज्या काकांकडे गेले त्यांनी ट्यूबला हात लावायच्या आधी टायर उलटा केला आणि कापसाचा बोळा आतून गोल फिरवला. एका ठिकाणी कापसाचे तंतू अडकले. तिथे बोटाला काहीच लागत नव्हतं. काकांनी बाहेरून टायर दाबला, आतून अर्ध्या नखाएवढी तार वर आली आणि ती त्यांनी नखं कापायच्या कटरने ओढून काढली. "ताई, आधी हे शोधायचं, मग सोल्युशन," म्हणाले. तेव्हापासून माझ्या बॅगेत कापूस असतोच. व्हॉल्व्ह मात्र मोटारसायकलचा असतो तसा जाड, म्हणजे श्रेडर घ्या. बारीक प्रेस्टा असेल तर अॅडॅप्टरशिवाय पेट्रोल पंपावर हवा भरता येत नाही.

माझ्यासारखी उंची कमी असलेल्यांसाठी एक खास सूचना. मी पाच फूट तीन इंच, फ्रेम एस मापाची. छोटी फ्रेम, मोठं ७००सी चाक आणि त्यावर मडगार्ड, यामुळे अगदी हळू वळताना पायाचा चवडा पुढच्या मडगार्डला लागतो. वेगात असताना हँडल तेवढं वळतच नाही, त्यामुळे धोका नाही. पण सिग्नलला गाड्यांमधून वाट काढताना पायडल कुठे आहे याचं भान ठेवावं लागतं. या मापात थोडी छोटी २७.५ इंची चाकं मिळत असतील तर ती आधी चालवून बघा. हँडल लांब वाटलं म्हणून दुकानातून छोटा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलून घेतला आणि मनगटांचं दुखणं गेलं. जेलच्या मऊ सीट कव्हरपेक्षा थोडी कडक आणि बसायच्या हाडांच्या रुंदीची सीट तासाभरासाठी जास्त बरी पडते.

दिव्यांबाबत तडजोड नको, दिवसाही. सकाळी मी पूर्वेला निघते, संध्याकाळी पश्चिमेला, म्हणजे दोन्ही वेळा ऊन समोर. जे मला तेच मागून येणाऱ्या कारवाल्यालाही. त्याच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप असताना त्याला मी दिसावी म्हणून मागचा लाल दिवा लखलखीत उजेडातही चालू असतो. हेल्मेटखाली छोट्या चोचीची टोपी घातली की आपले डोळेही वाचतात.

आभाळ फाटल्यासारखा पाऊस असेल त्या दिवशी मेट्रो. वनाझ ते रामवाडी हा मार्ग मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाला, तो जवळपास माझ्याच रस्त्यावरून जातो. सायकल डब्यात नेता येते आणि स्टेशनला लिफ्ट आहेत. रामवाडीहून खराडी पुन्हा सायकलने. संध्याकाळच्या ऐन गर्दीत मात्र सायकल घेऊन डब्यात शिरणं इतरांवर अन्याय आहे, तेव्हा थोडं थांबून निघते.

देखभालीचं एकच काम मी चुकवत नाही, ते चेनचं. पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी पंधरा दिवसांनी फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, आणि वरचं जास्तीचं तेल पुन्हा पुसून टाकायचं. चेन मोजायची पट्टी मिळते. झिजून चेन ०.७५ टक्के लांबली की बदलून टाकायची, नाहीतर मागची कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) तिच्याबरोबर जाते, आणि तिचा खर्च चेनपेक्षा बराच जास्त आहे.

हिंजवडीला जाणाऱ्यांनी मात्र माझा हिशोब जसाच्या तसा उचलू नये. चांदणी चौकाचा चढ रोज चढायचा असेल तर मागे ३४ दात्यांची मोठी चकती हवीच. पुढे एकच चकती असलेली सायकल घेणार असाल तर तीही ३८ च्या वर नको.