विकतच्या पतंगाचा पक्षी: कागदी घ्यावा, प्लास्टिकचा की कापडी?

संक्रांत जवळ आली की घरातलं पोर एकदा तरी म्हणतंच, “यंदा पक्ष्याचा पतंग हवा.” दुकानात तीन प्रकार मिळतात. कुठला घ्यायचा हे रंगांच्या डबीआधी ठरवा, कारण वर गेलेला पतंग आपल्याला दिसतो तो उजेडाच्या विरुद्ध. जमिनीवर हिरवागार वाटलेला पोपट आकाशात नुसता काळा डाग होतो.

कागदी पतंगाची खरी गंमत इथेच आहे. त्याच्या पातळ कागदातून ऊन आरपार येतं आणि रंग पेटल्यासारखे दिसतात. पण पाण्याचा रंग त्याला अजिबात सोसत नाही. भाचीने एकदा पोस्टर कलरने पोपट रंगवला. वाळताना कागद आक्रसला, कमानीपाशी टरकला आणि उरलेला भाग पापडासारखा वाकडा झाला. त्यापेक्षा पतंगाच्याच कागदाचे तुकडे चिकटवा. तेही नुसते वर नकोत, कारण दोन थर एकत्र आले की रंग मळकट दिसतो. हिरव्या पतंगावर पिवळा डोळा हवा असेल, तर पिवळा कागद फक्त कडेने चिकटवायचा आणि वाळल्यावर मागचा हिरवा आतून कापून काढायचा. कडेला तीन-चार मिलिमीटर पट्टी ठेवायची. बाजारातले दुरंगी पतंग असेच जोडलेले असतात. डिंक फार ओला नको. गव्हाच्या पिठाची पातळ खळ बोटाने पुसून लावली की पुरे.

प्लास्टिकचा पतंग लहान मुलांच्या हाती बरा. दव पडलं तरी भिजत नाही, सहज फाटत नाही. त्यावर जलरंग ओघळून जातो, म्हणून पर्मनंट मार्कर वापरायचा. चित्र कन्नीच्या, म्हणजे दोरा बांधतात त्या बाजूने काढा, आपल्याकडे तीच बाजू असते. पिसांच्या बारीक रेघा खालून कुणालाच दिसत नाहीत. दोन मोठे डोळे नि चोच काढा, घुबड तयार.

कापडी त्रिकोणी पतंग महाग, पण पंख त्याला आधीपासूनच असतात. घार करायची तर याला तोड नाही. पंखांच्या टोकांना गडद पट्टे, मागे दुभंगलेली शेपटी, एवढं बस. मात्र पेच लढवायला तो कामाचा नाही. समुद्रकिनाऱ्यावर किंवा मोकळ्या माळावर तरंगत ठेवायचा.

सजवून झालं की एक चाचणी कराच. कण्याची, म्हणजे मधल्या उभ्या काडीची, दोन टोकं दोन बोटांच्या चिमटीत धरून पतंग आडवा ठेवा. जो पंख खाली झुकेल तो जड. दुसऱ्या टोकाला कागदाची छोटी सुरळी चिकटवली की तोल जमतो. हे चुकलं तर पतंग एकाच बाजूला गिरक्या घेतो आणि दोष बिचाऱ्या वाऱ्याला मिळतो. दोरा साधा सुतीच घ्या. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, आणि पक्ष्याच्या पतंगाने खऱ्या पक्ष्याचा पंख कापावा हे बरं दिसत नाही. सकाळ-संध्याकाळी थवे ये-जा करतात, तेवढा वेळ पतंग खाली ठेवा.

माझं मत विचाराल तर मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर कागदीच घ्या, आणि नक्षी एकदम दोन पतंगांवर करा. आमचं घुबड पहिल्याच दुपारी कापलं जाऊन समोरच्या गच्चीवर पडलं. त्या पोरांनी ते काही परत दिलं नाही.