निजण्यापूर्वीच्या दुआंचे ॲप : दोन महिने वापरल्यानंतर

माझी नऊ वर्षांची मुलगी मध्यंतरी रात्री दचकून उठू लागली, तेव्हा मी निजण्यापूर्वीच्या अजकारांचे, म्हणजे अल्लाहच्या स्मरणाच्या वचनांचे, एक ॲप मोबाइलवर घेतले. यातल्या बहुतेक दुआ मला लहानपणापासून पाठ आहेत, पण मध्यरात्री रडणाऱ्या मुलीला जवळ घेतल्यावर प्रेषितांनी (स.) नेमके काय करायला सांगितले आहे आणि कोणत्या शब्दांत, हे त्या घाईत धड आठवत नाही, असा अनुभव दोनतीनदा आला होता. ॲपचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण ज्या गोष्टींबद्दल माझी तक्रार आहे त्या या प्रकारच्या इतर ॲपमध्येही मी पाहिल्या आहेत, आणि असे कोणतेही ॲप घेणाऱ्या आईवडिलांना हे परीक्षण उपयोगी पडावे अशी इच्छा आहे.

ॲपचे मुख्य भाग दोन आहेत: झोपण्यापूर्वी म्हणायचे अजकार आणि वाईट स्वप्न पडल्यावर काय करावे याचे मार्गदर्शन. पहिल्या भागात आयतुल कुर्सी, म्हणजे सूरह बकराची (कुरआनच्या एका अध्यायाची) २५५ वी आयत (वचन), त्याच सूरहच्या शेवटच्या दोन आयती, इखलास, फलक आणि नास या तीन सूरह, आणि ३३ वेळा सुबहानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर ही तस्बीह येते. प्रत्येक दुआ अरबी लिपीत, देवनागरी उच्चारात आणि मराठी अर्थासह दिलेली आहे, आणि तिच्याखाली ती कोणत्या हदीससंग्रहातून (प्रेषितांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींच्या ग्रंथातून) घेतली हेही लिहिलेले आहे. मोबाइलवर रोज फिरणाऱ्या, कोणताही आधार नसलेल्या वजीफ्यांच्या (जपांच्या) गर्दीत एवढी शिस्त मला फार मोलाची वाटली.

प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेली प्रेषितांची सवय येथे चार साध्या रेखाचित्रांतून दाखवली आहे. दोन्ही तळहात जुळवायचे, त्यांत फुंकर घालून तिन्ही सूरह म्हणायच्या, मग डोके आणि चेहऱ्यापासून सुरुवात करून हात पोचेल तेवढ्या अंगावरून फिरवायचे, आणि हे सगळे तीन वेळा करायचे. माझ्या मुलीने ते एका संध्याकाळी शिकून घेतले. आता ती वुजू (नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुणे) करून येते तेव्हा तिचे हात अजून ओलसर असतात, आणि ते चेहऱ्यावरून फिरवताना ती डोळे इतके घट्ट मिटते की पापण्यांना सुरकुत्या पडतात. मुलांसाठीच्या ध्वनिफितींत प्रेषितांचे सहकारी हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची बुखारी या हदीससंग्रहातली गोष्टही आहे: रमजानच्या जकातीच्या (दानाच्या) धान्यावर ते पहारा देत असताना एक चोर लागोपाठ तीन रात्री आला, आणि तिसऱ्या रात्री सुटका करून घेण्यासाठी त्याने सांगितले की, अंथरुणावर पडताना आयतुल कुर्सी म्हण, म्हणजे सकाळपर्यंत अल्लाहकडून तुझ्यावर रक्षक राहील आणि शैतान जवळ येणार नाही. तो खोटारडा असूनही तुला खरे सांगून गेला, आणि तो शैतान होता, असे प्रेषितांनी त्यांना नंतर सांगितले. ही गोष्ट माझ्या मुलीने किती वेळा ऐकली याची गणती नाही. या भागाची निवड आणि वाचन दोन्ही उत्तम आहे, आणि निवेदकाने आवाजात उगीच भीती आणलेली नाही, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

छपाईच्या चुकांबद्दल मात्र सांगायला हवे. प्रेषितांचे सहकारी हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांची हदीस अशी आहे की, निजताना नमाजसारखा वुजू करावा, उजव्या कुशीवर पडावे आणि ‘अल्लाहुम्म अस्लम्तु नफ्सी इलैक’ ने सुरू होणारी दुआ म्हणावी, त्या रात्री मरण आले तर ते फितरतवरचे (जन्मजात निर्मळ श्रद्धेवरचे) मरण असेल. पाठ पक्का करण्यासाठी हजरत बरा यांनी ती दुआ प्रेषितांसमोर म्हणून दाखवली आणि शेवटी ‘नबिय्यिक’ऐवजी ‘रसूलिक’ म्हटले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना थांबवून ‘व बि नबिय्यिकल्लजी अर्सल्त’ असे दुरुस्त केले. अर्थाच्या दृष्टीने दोन्ही शब्द चुकीचे नाहीत. तरीही शिकवलेला शब्द बदलू दिला गेला नाही. ॲपच्या देवनागरी पाठात नेमका हाच शब्द ‘रसूलिक’ असा छापला होता, आणि त्याच पानावर खाली ही हदीस अर्थासह दिलेली होती. मी कळवल्यावर पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली, त्याबद्दल आभार. देवनागरी उच्चारांवर पूर्ण विसंबू नये, अशी सूचना मात्र ॲपने ठळकपणे द्यायला हवी. अरबीतले दोन वेगळे ‘क’ आपल्या लिपीत एकाच अक्षरात येतात आणि त्यामुळे ‘हृदय’ आणि ‘कुत्रा’ हे दोन शब्द सारखेच लिहिले जातात, एवढे एक उदाहरणही पुरेसे आहे.

आता ज्या भागासाठी मी हे ॲप घेतले त्याविषयी. ‘वाईट स्वप्न पडले’ या शब्दांचे एक बटण पहिल्याच पडद्यावर आहे. ते दाबले की पडदा मंद होतो, मोठ्या अक्षरांत पाच कृती दिसतात, आणि ना संगीत वाजते ना जाहिरात येते. डाव्या बाजूला तीनदा हलके थुंकावे, तीनदा ‘अऊजु बिल्लाहि मिनश्शैतानिर्रजीम’ म्हणून शैतानापासून अल्लाहचा आश्रय मागावा, ज्या कुशीवर होतो ती बदलावी, शक्य असेल तर उठून नमाज पढावी, आणि ते स्वप्न कोणाला सांगू नये. या कृती हजरत अबू कतादा, हजरत जाबिर आणि हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या हदीसांतून घेतल्या आहेत आणि त्या नीट एकत्र केल्या आहेत. ‘थुंकावे’ या शब्दाला मात्र एका वाक्याचे स्पष्टीकरण हवे होते: येथे अभिप्रेत आहे ती थुंकीचा जेमतेम अंश असलेली फुंकर. मुलीने पहिल्या रात्री मला गोंधळून विचारले, “अम्मी, उशीवर थुंकायचं?”

नमाज सोडली तर या सगळ्याला एक मिनिटही लागत नाही. हदीस सांगणारे अबू सलमा यांचे म्हणणे बुखारीत आहे की, काही स्वप्ने आपल्याला डोंगरापेक्षा जड वाटत, आणि वाईट स्वप्नाविषयीची ही हदीस ऐकल्यापासून आपण त्यांची पर्वा करणे सोडून दिले. भीतीचे ओझे एवढे मोठे, आणि त्यावर सांगितलेला उपाय एवढा छोटा. श्वास, जीभ आणि कूस या तीन गोष्टी हलतात, आणि माणूस पुन्हा झोपतो. एका खेडूत अरबाने येऊन सांगितले की, आपले शिर कापले गेले आहे आणि आपण त्याच्या मागे धावत आहोत असे स्वप्न पडले, तेव्हा प्रेषितांनी त्या शिराचा अर्थ सांगितला नाही. झोपेत शैतान तुझ्याशी खेळतो ते लोकांना सांगत बसू नकोस, एवढेच सांगितले. ही हदीस मुस्लिम शरीफ या हदीससंग्रहात आहे.

ही हदीस ॲपमध्येही आहे, आणि म्हणूनच तिच्या खालचे दुसरे बटण पाहून मला मनापासून वाईट वाटले. त्यावर लिहिले आहे: ‘तुमचे स्वप्न नोंदवा आणि ताबीर मिळवा’ (ताबीर म्हणजे स्वप्नाचा अर्थ). म्हणजे पाचवी कृती ‘कोणाला सांगू नये’ अशी, आणि लगेच पुढे सांगण्यासाठी मोकळी चौकट. त्यात साप, पाणी, पडलेले दात असे शब्द लिहिले की तयार अर्थ समोर येतात, आणि त्यांतले बरेच अर्थ मृत्यू, शत्रू किंवा कर्ज यांच्याकडे बोट दाखवतात. शिवाय दररोज सकाळी ‘रात्री काय स्वप्न पडले?’ अशी सूचना येते. ती बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये तीन पाने आत दडलेली आहे. रात्री जे स्वप्न फुंकर घालून सोडून दिले ते सकाळी पुन्हा बोलावून त्याचा अर्थ लावत बसायचे, असा हा प्रकार आहे, आणि भित्र्या मुलाच्या हाती हे पडले तर त्याची भीती वाढेल यात मला शंका नाही.

या अर्थांवर इब्न सीरीन यांचे नाव छापले आहे. बसऱ्याचे हे मोठे ताबई (प्रेषितांच्या सहकाऱ्यांनंतरच्या पिढीतले) इ.स. ७२९ च्या सुमारास वारले. त्यांच्या नावावर चालणारा स्वप्नांचा प्रसिद्ध कोश त्यांचा नसून फार नंतर तयार झाला, असे अभ्यासक मानतात. त्यांच्याविषयीची जी कथा सर्वत्र सांगितली जाते तीच खरे तर अशा कोशाच्या विरोधात जाते: दोन माणसांनी आपण अजान देत असल्याचे स्वप्न सांगितले, तेव्हा एकाला त्यांनी हज घडेल असे सांगितले आणि दुसऱ्याला चोरीचा आरोप येईल असे, कारण समोरचा माणूस वेगळा होता. ताबीर हे इस्लामी परंपरेतले खरे ज्ञान आहे, सूरह यूसुफ त्याची साक्ष आहे, पण त्याच सूरहमध्ये हजरत याकूब (अ.) आपल्या मुलाला त्याचे शुभ स्वप्नसुद्धा भावांना सांगू नकोस असे बजावतात. शुभ स्वप्नही आपल्यावर माया करणाऱ्यालाच सांगावे असे शिकवणाऱ्या परंपरेत अशुभ स्वप्नासाठी अनोळखी माणसांकडे उघडणारी खिडकी कशासाठी ठेवली, हे मला कळू शकले नाही.

ॲपमधून एका सशुल्क ‘रुकया सल्लागारा’शी बोलताही येते. मी एकदा बोलले. मुलीचे वय, झोपेची वेळ, ताप, शाळेतली चिंता यांपैकी काहीही न विचारता त्या गृहस्थांनी तिच्या आईचे, म्हणजे माझे, नाव विचारले आणि काही क्षणांत ‘सावट आहे’ असे सांगून ताईत पाठवण्याची तयारी दाखवली. रुकया म्हणजे कुरआनच्या आयती आणि प्रेषितांच्या दुआ म्हणून अल्लाहकडे शिफा (आजारातून बरे होणे) मागणे. त्याला आईच्या नावाची गरज नसते, आणि ते नाव विचारणाऱ्यापासून दूर राहा असे उलेमा (धर्मविद्वान) वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. कुरआनची आयत लिहून गळ्यात बांधावी की नाही याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, ते मी जाणते. पण भेदरलेल्या आईला फोनवर दोन मिनिटांत सावटाचा निर्णय ऐकवणे याला कोणत्याही मताचा आधार नाही. या सेवेसाठी मी एकही तारा देणार नाही.

आणखी एक उणीव मला याहून गंभीर वाटते, कारण ती सहज लक्षात येत नाही. मुस्लिम शरीफमधल्या हजरत अबू हुरैरा यांच्या हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार सांगितले आहेत: अल्लाहकडून येणारी शुभवार्ता, शैतानाकडून येणारे दुःख, आणि माणसाचे मन स्वतःशीच जे बोलते ते. ॲपमध्ये पहिले दोनच आहेत. तिसरा प्रकार गाळल्यामुळे वाचकाला प्रत्येक वाईट स्वप्न शैतानाचे वाटू लागते, आणि परीक्षेची धास्ती, घरातले भांडण, ताप किंवा एखादे नवे औषध याकडे लक्षच जात नाही. झोपेत जाग येऊन अंग हलेनासे होणे आणि छातीवर कोणी बसल्यासारखे वाटणे याचेही तसेच. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात आणि ती अवस्था संपण्याआधी मन जागे झाले की असे घडते. जुन्या काळचे प्रसिद्ध वैद्य इब्न सीना यांनी या त्रासाला ‘काबूस’ म्हणून वैद्यकाच्या ग्रंथात जागा दिली होती. स्वप्ने आठवड्यामागून आठवडे छळत असतील, मूल झोपायलाच घाबरत असेल किंवा एखाद्या आघातानंतर हे सुरू झाले असेल तर डॉक्टरांकडे जावे, असे एक वाक्यही ॲपमध्ये नाही. अल्लाहने असा कोणताही आजार उतरवला नाही ज्याचा उपाय उतरवला नाही, ही हदीस मात्र त्याच ॲपच्या आरोग्याच्या पानावर आहे. उपचारासाठी डॉक्टरांना स्वप्न सांगणे आणि चारचौघांत त्याची चर्चा करणे यांत फरक आहे, असे माझे मत आहे.

रात्रभर तिलावत (कुरआनचे पठण) चालू ठेवण्याची सोय आहे. आवाज स्वच्छ आहे, पण आम्ही ती चार दिवसांत बंद केली. स्वतःच्या जिभेने म्हणण्याची जागा ती घेऊ लागली होती. जे मूल स्वतः म्हणू शकत नाही त्याच्यासाठी आईवडिलांनी म्हणावे, हे अधिक जवळचे वाटते. प्रेषित (स.) आपले नातू हसन आणि हुसैन (रजि.) यांच्यासाठी अल्लाहच्या परिपूर्ण शब्दांचा आश्रय मागत, आणि हजरत इब्राहीम (अ.) हेच शब्द इस्माईल आणि इसहाक यांच्यासाठी म्हणत, असे सांगत. ही दुआ ॲपमध्ये मुलांच्या भागात आहे आणि तिचा उच्चार अचूक आहे.

अजकार आणि ‘वाईट स्वप्न पडले’ या दोन भागांसाठी पाचपैकी साडेचार तारे. ताबीर आणि सल्ला यांच्यासह संपूर्ण ॲपसाठी दोन. घ्यायचे असेल तर पहिल्याच दिवशी सकाळची सूचना बंद करावी आणि ताबीरचे पान मुलांच्या नजरेआड ठेवावे. आम्ही पाच कृती एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मुलीच्या पलंगाशेजारी लावल्या आहेत आणि मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत असतो. गेल्या आठवड्यात पहाटेच्या सुमारास तिच्या खोलीतून तीन वेळा फुंकरीचा आवाज आला, मग पुटपुटणे, मग पलंग करकरला. मी दारापाशी जाऊन उभी राहिले तोवर ती दुसऱ्या कुशीवर झोपलेली होती. सकाळी तिने काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.