‘साफ केल्यावर असंच दिसतं, ताई’

जुन्या नाण्यांवरून होणाऱ्या फसवणुकीच्या बातम्या बहुतेक एकाच साच्याच्या असतात. कुणीतरी फोन करतो, तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणतो, आणि आधी कमिशन, मग टॅक्स असं करत तुमच्याकडूनच पैसे काढतो. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरूनही हे चालायचं, म्हणून बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. आमच्याकडे आलेला माणूस या जातीचा नव्हता. त्याने नाणी विकत मागितली नाहीत, मोठे आकडे सांगितले नाहीत. तो जे बोलला त्यातलं बरंचसं खरं होतं, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

बाबांच्या संग्रहात दोन प्रकार होते. एक, ईस्ट इंडिया कंपनीची तांब्याची नाणी, त्यात १८३५ चे पाव आणे बरेच. हे काही दुर्मीळ नाहीत, लाखोंनी पाडले गेले. दुसरा प्रकार म्हणजे चहाच्या मळ्यांचे टोकन. आसाम, काचार, सिल्हेटकडच्या मळ्यांत सुट्या पैशांची चणचण असायची, म्हणून मळेवाले मजुरांना कामाच्या मोबदल्यात हे बिल्ले द्यायचे. मळ्याचं नाव, मध्ये बहुधा भोक. काही कलकत्त्याच्या टांकसाळीत बनले, काही बर्मिंगहॅमला हीटनच्या कारखान्यात. बाबांचा खरा जीव यांच्यावर. प्रत्येक बिल्ल्याचं वजन, व्यास आणि कागद ठेवून पेन्सिलीने घासून काढलेला ठसा त्यांनी एका वहीत नोंदवला होता. आईच्या मते तो निव्वळ रिकामटेकडेपणा.

बाबा गेल्यावर हे नीट जपायचं कसं, हा प्रश्न होता. नाण्यांच्या एका प्रदर्शनात हा गृहस्थ भेटला आणि नंतर घरी आला. अल्बममध्ये रामदरबाराचं चित्र आणि १८१८ साल असलेलं एक ‘कंपनीचं’ नाणं होतं. ते हातात घेताच त्याने बाजूला ठेवलं. म्हणाला, ‘काकू, हे खोटं. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढणारं चमत्कारी नाणं म्हणून लोकांच्या गळ्यात मारतात.’ अगदी बरोबर. बाबाही हेच सांगायचे. आईचा विश्वास तिथेच बसला.

मग त्याने अल्बमची पानं दाखवली. मऊ प्लास्टिकच्या खिशांत काही पाव आण्यांवर हिरवट, चिकट थर आला होता. हे पीव्हीसी आहे, यातून आम्ल सुटतं आणि तांबं खातं, हेही खरंच. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर लावू नका, तांब्याची जुनी तपकिरी कांती एकदा गेली की परत येत नाही, हेही खरं. ग्रेडिंगची, म्हणजे नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे ते आकड्यात ठरवण्याची, १ ते ७० ची शेल्डन पट्टी त्याने समजावली, ६० च्या पुढचं नाणं म्हणजे चलनात न गेलेलं, हेसुद्धा. शेवटी सुचवलं की निवडक नाणी आणि बिल्ले परदेशी ग्रेडिंगला पाठवू, त्याआधी त्यांचं ‘कॉन्झर्व्हेशन’, म्हणजे जाणकाराकडून सफाई, करून घेऊ, सगळं सीलबंद स्लॅबमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या डबीत, परत येईल. फी आणि विमा आगाऊ. पावतीवर लिहिलं होतं: ‘जुनी नाणी व टोकन, पाकीट १’. वजन नाही, फोटो नाही.

पाकीट परत आलं तेव्हा आई खूश झाली. चकचकीत कडक प्लास्टिकच्या डब्या, वर ग्रेड, खाली क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की एक पान उघडायचं, तोच नंबर, तोच फोटो. (ते पान कुणीही पन्नास मिनिटांत बनवू शकतो, हे मला ऑफिसातल्या पोराने सांगितलं.) मला खटकली ती ग्रेड. मळ्यातल्या मजुरांच्या हातातून फिरलेल्या, कडा गोलावलेल्या बिल्ल्याला ६४? चलनात न गेलेला?

मी वही काढली. एका गोल पितळी बिल्ल्याच्या ठशात भोकाच्या काठाला एक आरपार खाच स्पष्ट उमटली होती. स्लॅबमधल्या बिल्ल्याचं भोक गुळगुळीत. फोन केला तर उत्तर तयार होतं: ‘साफ केल्यावर असंच दिसतं, ताई. ती खाच नव्हती, साचलेला मळ होता.’ मी म्हटलं, रंगही बदललाय. ‘थर निघाला.’ अक्षरं बोथट का? ‘मळामुळे ठळक वाटत होती.’ कॉन्झर्व्हेशन या एका शब्दात सगळी उत्तरं बसत होती.

व्यास मात्र बसेना. वहीतल्या ठशावर स्लॅब धरला तर आतला बिल्ला साधारण अर्धा मिलिमीटर लहान भरत होता. मळ काढल्याने पितळ आक्रसत नाही. अस्सल बिल्ल्यावरून साचा काढून त्यात धातू ओतला की थंड होताना तो आकुंचन पावतो, म्हणून ओतीव नक्कल मूळ तुकड्यापेक्षा किंचित लहान निघते. स्लॅब फोडलात तर ग्रेड रद्द होईल, असं त्याने बजावलं होतं. डबीत असताना नाण्याचं वजन करता येत नाही आणि कडाही झाकलेली राहते, म्हणूनच ते बजावणं. मी पक्कड घेतली.

कडेवर बारीक शिवण होती, कानशीने घासून लपवलेली. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, ओतकामात हवा अडकली की पडतात तसे. पाव आण्याचं ठरलेलं वजन १०० ग्रेन, म्हणजे जवळपास ६.४८ ग्रॅम. झिजलेल्याचं थोडं कमी येतं. बाबांच्या वहीत त्या नाण्याचं ६.३ होतं, सराफाच्या काट्यावर आलं ५.६. पाव आणा बदलण्यात त्याला काय मिळालं कुणास ठाऊक, पण बिल्ल्यांसाठी त्याला खरे गिऱ्हाईक असणार.

जाब विचारल्यावर त्याने दुसरं खरं वाक्य वापरलं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे. ‘परदेशी पाठवायला तुम्हीच दिलंत, तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल.’ आई घाबरली. वकिलांनी सांगितलं की वडिलांचा संग्रह घरात ठेवणं हा गुन्हा नाही, आणि बिल्ले गावाबाहेर तरी गेले होते की नाही हे त्यालाच सिद्ध करू दे. तक्रार भारतीय न्याय संहितेच्या ३१६ आणि ३१८ या कलमांखाली दिली आहे, विश्वासघात आणि फसवणूक.

ठाण्यात पहिला प्रश्न आला, तुमचे बिल्ले वेगळे होते हे कशावरून? मी वही पुढे केली. तुमच्याकडे अशी वही नसेल तर संग्रह कुणाच्याही हाती देण्याआधी प्रत्येक तुकडा ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत तोला, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे तिरप्या उजेडात फोटो घ्या, आणि वजनं पावतीवर लिहून सही घ्या. सही द्यायला कुरकुर करणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. जपणुकीला फारसं काही लागत नाही. मऊ खिसे फेकून मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटं आणा, डब्यात सिलिका जेल ठेवा, नाणं कडेने धरा. तो हिरवा चिकटपणा शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नुसतं बुडवून निघतो. काचेचं भांडं, उघडी खिडकी, जवळ ज्योत नको, आणि घासायचं अजिबात नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात.

बिल्ले अजून मिळालेले नाहीत. कुणी मळ्याचा गोल पितळी बिल्ला विकायला दाखवला तर भोकाचा जवळून फोटो मागवा. काठाला आरपार खाच दिसली तर विकणाऱ्याला तो कुठून आला ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या.