ऑक्सिजन सेन्सरसाठी बार-ग्राफवाला मल्टिमीटर
साध्या डिजिटल मल्टिमीटरने गाडीच्या एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरची तपासणी अर्धवटच होते. झिर्कोनिया (सिरॅमिकचा नेहमीचा प्रकार) सेन्सर तापला की सिग्नल 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो आणि आकडे वाचेपर्यंत बदललेले असतात. बार-ग्राफ (आकड्यांसोबत हलणारी पट्टी), मिन-मॅक्स (सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणारी सोय) असलेला मीटर इथे खरोखर कामाला येतो. पट्टी झरझर हलली तर सेन्सर ठीक. बऱ्याच गाड्यांत 0.45 व्होल्टला चिकटून राहिली, तर सेन्सर थंड किंवा वायर तुटलेली. मीटरचं इनपुट (त्याचा आतला रोध) 10 मेगाओहमचं हवंच. काट्याचा जुना मीटर सिग्नल खाली ओढतो.

नाराजी एकच, सोबतचे प्रोब जाड आहेत. कनेक्टरच्या मागून, रबरी सीलशेजारून सरकेल अशी बारीक पिन वेगळी घ्या. वायरला मात्र टोचू नका, बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा वायरमधूनच मिळते! वाइडबँड (हवा-इंधनाचं प्रमाण मोठ्या पल्ल्यात मोजणाऱ्या) सेन्सरला ही पद्धत चालत नाही.